सव्वीस अंशांवर धुतलेला रोल

ही घटना शंभर टक्के खरी आहे. खोटी असती तर मी तिच्यात जरा बरा माणूस दिसलो असतो.

भुताला मध्यरात्र लागते म्हणतात. आमच्याकडे रविवारची दुपार होती. तीन वाजलेले. जागा, आमच्या घरचं बाथरूम.

काका फोटोग्राफर. ब्लॅक अँड व्हाइट रोल घरीच धुवायचे. मला आणि धाकट्या बहिणीला, म्हणजे छोटीला, त्यांनीच शिकवलं.

मी आधी शिकलो. तिला जास्त आलं.

(हे वाक्य लिहायला मला चार दिवस लागले.)

काका गेले तेव्हा त्यांच्या कॅमेऱ्यात एक रोल निघाला. शेवटचा. सोबत चिठ्ठी : 'छोटी धुवेल.'

छोटी! आणि मी काय मेलो होतो?

डेव्हलपर म्हणजे रोलवर चित्र उमटवणारं औषध. वीस अंशांना आठ मिनिटं. जास्त गरम असेल तर वेळ कमी करायचा. नाही केला, तर रोल काळाठिक्कर.

छोटीनं औषधाच्या बाटलीत थर्मामीटर बुडवला. बरोबर वीस. मग रोल डब्यात भरायला ती अंधाऱ्या अडगळीच्या खोलीत गेली.

"दादा, बाटलीकडे बघ हं जरा."

बघितलं. गरम पाण्याच्या बादलीत बुडवून बघितलं.

सव्वीस.

ती आली. पुन्हा मोजलं नाही. 'एकदा मोजलं की मोजलं' हा काकांचा नियम, आणि काकांचं सगळं तिला तोंडपाठ. दार लागलं.

मी हॉलमध्ये येऊन बसलो. शेजारी आई मटार सोलत होती.

टक्... टक्.

बुडबुडे निघावेत म्हणून काका दर मिनिटाला डबा बेसिनवर दोनदा आपटायचे. छोटीही आपटते.

टक्... टक्. दुसरं मिनिट.

मग लगेच... पुन्हा टक्, टक्.

जड हाताचे.

"एवढं काय आपटतेय ही?" आई म्हणाली.

तिसऱ्या मिनिटाला तेच. चौथ्यालाही. आधी तिचे दोन... मग आणखी कुणाचे तरी दोन.

मेल्यावरसुद्धा शिकवणी तिचीच!

पाचव्या मिनिटाला... काहीच नाही.

आणि औषध ओतून दिल्याचा आवाज आला.

पाच मिनिटांत. सव्वीस अंशांना लागतो तेवढाच वेळ.

रोल देखणा निघाला. छोटीनं तो खिडकीशी धरला. छत्तीस फोटो. छत्तीसही माझे. पाठमोरा, झोपलेला, आ वासून हसणारा. काकांनी कधी काढले, मला पत्ताच नव्हता.

तिचा एकही नाही.

"रोल मला," ती हळूच म्हणाली, "आणि फोटो तुझे."

मी विषय बदलला. "आठ मिनिटं का नाही ठेवलास?"

"तूच म्हणालास ना!"

"मी?"

"दाराबाहेरून. 'छोटे, मी सव्वीस केलंय. चुकलं माझं. ओत आता.' चक्क रडत होतास."

"काहीतरीच," आई म्हणाली. "हा इथून हललाच नाही. सोललेले मटार खात बसला होता."

छोटीनं माझ्याकडे बोट दाखवलं.

"आवाज याचाच होता, आई."

"ते राहू दे," आई माझ्याकडे वळली. "सव्वीस काय केलंस रे तू?"

माझ्या तोंडात मटार होते.

तो आवाज कुणाचा, मला माहीत नाही. माझा नव्हता, एवढं नक्की.

कारण मी माफी मागितली नव्हती.

अजूनही मागितलेली नाही.