शिटी वाजवा, हाक मारू नका

माझ्या बायकोला हे आजही खरं वाटत नाही. तिचाच भाऊ त्यात होता, तरीही.

पण मी तिथे उभा होतो. तिथल्या चिखलात माझे बूट रुतले होते. तेव्हा जसं घडलं तसंच सांगतो.

डिसेंबर २००६. शनिवारची संध्याकाळ. जागा बेसिंगस्टोकपासून फार लांब नाही. गावाचं नाव मुद्दामच सांगत नाही.

मी शशिधर. तेव्हा बेसिंगस्टोकच्या एका बिझनेस पार्कमध्ये नोकरीला होतो. माझा मेहुणा परीक्षित साउथॅम्प्टनला डॉक्टर. इथे आल्यावर त्याला एक भलताच नाद लागला होता. शिकारीचा. स्वतः तो बंदूक चालवायचा नाही. पण त्याच्याकडे टिली नावाची काळी लॅब्रेडॉर होती. लोकांनी गोळी घालून पाडलेले फेझंट, म्हणजे रानकोंबड्यासारखे पक्षी, ती तोंडात अलगद धरून आणायची. हिवाळ्यातले शनिवार तो तिला घेऊन याच कामाला जायचा.

त्या दिवशी हट्टाने मलाही घेऊन गेला.

मला लगेचच शिसारी आली. मेलेल्या पक्ष्यांच्या माना दोरीत अडकवून जोड्या टांगल्या होत्या. चोचीतून रक्त ठिबकत होतं. त्याच्याच खाली उभे राहून लोक हसत हसत सॉसेज रोल खात होते. परीक्षितने एका अर्धमेल्या पक्ष्याची मान पिरगाळली, हात पँटला पुसला आणि त्याच हाताने मला फ्लास्कमधली कॉफी पुढे केली.

मी नको म्हटलं.

अंधारायला लागलं तसा शेवटचा पक्षी पडला. तारेच्या कुंपणापलीकडे. टिली त्याच्या मागे गेली.

ती परत आलीच नाही.

तिथली व्यवस्था बघणारा ग्रॅहम नावाचा माणूस होता. तो म्हणाला, पलीकडची जमीन दुसऱ्याची आहे, विचारल्याशिवाय तार ओलांडायची नाही. त्याच्या घरी जाऊन परवानगी मागा. परीक्षित त्याला सोबत चल म्हणाला, तर ग्रॅहमने ऐकलंच नाही असं दाखवलं आणि गाडीत सामान भरायला लागला.

आम्ही दोघंच गेलो.

झाडीच्या कडेला विटांचं जुनं घर होतं. दार एका म्हाताऱ्याने उघडलं. अंगात कार्डिगन, पायात मोजे. आतून वास आला… बंद पडलेला फ्रीज बऱ्याच दिवसांनी उघडावा तसा. मी नाकाला रुमाल लावला. म्हाताऱ्याला त्याचं काही वाटलं नाही.

आमची कुत्री तुमच्या रानात गेलीय, घेऊन येऊ का, असं परीक्षितने नम्रपणे विचारलं. तो चिडेल असं मला वाटलं होतं. तो चिडला नाही.

"जा, घेऊन या," तो म्हणाला. "पण फक्त शिटी वाजवा. नावाने हाक मारू नका. हाक मारली की बाकीचेही येतात."

तुमच्याकडे किती कुत्री आहेत, परीक्षितने विचारलं.

"माझं एकही नाही," म्हातारा म्हणाला. आणि त्याने दार लावून घेतलं.

रानात शिरलो. कुंपणाच्या शिकारीकडच्या बाजूला कावळे ओरडत होते. इथे… काहीच नाही. वारासुद्धा नाही.

परीक्षितने शिटी वाजवली. थांबला. पुन्हा वाजवली.

काहीच हललं नाही.

त्याचा चेहरा उतरत चालला होता. त्याला आणि त्याच्या बायकोला, मंजिरीला, मूलबाळ नव्हतं. टिली त्यांच्या पलंगावर झोपायची. तो शिट्या वाजवत आत आत जात राहिला. शेवटी त्याला राहवेना.

"टिली," त्याने हाक मारली. "टिली, ये."

मी त्याचा दंड धरला. पण हाक गेली होती.

आधी आला वास. तोच, त्या घरातला.

मग धापा…

कुत्रा धावून आल्यावर टाकतो तशा. डावीकडून. मग मागून. मग चहूबाजूंनी. खाली सुका पाला पसरला होता, पण एक पान वाजलं नाही. डोळे फाडून बघितलं. एकही कुत्रा दिसेना. माझ्या गुडघ्यांवर मात्र गरम श्वास लागत होता. पँट तिथे ओली झाली. चिकट ओली.

परीक्षितने उजवा हात पुढे केला. तळवा वर.

या कुत्र्यांना तसंच शिकवलेलं असतं. पक्षी घेऊन आले की मालकाने हात पुढे करायचा आणि 'डेड' म्हणायचं. मग ते तोंडातलं सोडतात. बिचाऱ्याच्या तोंडून सवयीने तोच शब्द गेला.

"डेड."

सगळ्या धापा एकदम थांबल्या.

आणि त्याच्या तळव्यावर काहीतरी पडलं…

राखाडी. मऊ. उकडलेल्या कातडीसारखं. त्यावर दातांची भोकं होती, आणि भोकांतून अळ्या वळवळत होत्या. एवढ्या कडाक्याच्या थंडीत. त्यावर दुसरा गोळा पडला. मग आणखी. बोटांमधून पू गळावा तसं खाली ओघळायला लागलं.

परीक्षित हात मागे घेत नव्हता.

मी त्याच्या मनगटावर जोरात फटका मारला. हात खाली गेला. मी तिथेच वाकलो आणि पोटातलं सगळं बाहेर काढलं.

मान वर केली तेव्हा वास गेला होता. झुडपातून टिली सरपटत बाहेर येत होती. शेपूट पोटाखाली. तोंड रिकामं. परीक्षितने तिला उचललं आणि आम्ही पळत सुटलो.

गाडीपाशी मी पाण्याची बाटली पुढे केली. हात धू म्हणालो.

"हाताला काय झालंय, भाऊजी?"

तो खरंच विचारत होता. गाडी चालवता चालवता त्याने सँडविच काढलं आणि त्याच हाताने खाल्लं. शेवटी बोटं चाटली. मी खिडकीची काच खाली करून बाहेर तोंड काढून बसलो.

टिली त्यानंतर त्याच्या उजव्या हाताजवळ कधी गेली नाही. त्याने दिलेलं खायची नाही. उन्हाळ्याच्या आधीच गेली. त्यांनी दुसरा कुत्रा आणला नाही. परीक्षितने शिकारीला जाणंही सोडलं. त्या संध्याकाळबद्दल विचारलं की तो म्हणायचा, टिली हरवली होती, शिटी वाजवल्यावर आली.

मला अजूनही कळलेलं नाही, ते काय होतं. आणि ते तिथेच राहिलं का.

दोन वर्षांनी त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. बायको टाळू देईना. आमटी-भाताचा पहिलाच घास घेतला, आणि जिभेला काहीतरी लागलं.

केस. पांढरा, राठ. मी तो ओढायला लागलो. तो संपेना… भाताखालून येतच राहिला. टोकाला ओला, चिकट.

टिली काळीभोर होती.

मंजिरीने बघितलं. काय निघालं, असंही तिने विचारलं नाही. मुकाट्याने माझं ताट उचललं, आत गेली, दुसरं वाढून आणलं.

"सावकाश जेवा, भाऊजी," ती हळूच म्हणाली. "बघून जेवा."

समोर परीक्षित मान खाली घालून चवीने जेवत होता.