दोघांचं अनेकवचन

रात्रपाळी संपवून मी वर्गात शिरले, तेव्हा एकच खुर्ची रिकामी होती. माझ्याकडे पुस्तक नव्हतं. शेजारच्याने आपलं पुस्तक मधोमध सरकवलं... पानांत लाकडाचा भुसा होता.

परदेशातल्या इस्पितळात नर्सची नोकरी हवी, तर स्पॅनिश यायलाच हवी होती. तो सुतार. त्याची ताई तिकडे दिलेली, भाचरांना मराठीचा गंध नाही. फोनवर मामाने नुसतं किती हसायचं, म्हणून तो आलेला.

बाई शिकवत होत्या — शब्दाच्या शेवटी 'ओ' आला तर बहुतेक पुल्लिंगी, 'आ' आला तर स्त्रीलिंगी. नपुंसकलिंगी नाम नाहीच. अनेकवचनाला 'स' लावायचा, शेवटी व्यंजन असेल तर 'एस'. टेबल म्हणजे मेसा, स्त्रीलिंगी.

तो हळूच पुटपुटला, "दहा वर्षं टेबलं करतोय... ती बाई आहे, हे आज कळलं."

कित्येक दिवसांनी मी हसले.

तीन महिने असेच गेले. माझे डोळे मिटायला लागले की तो वहीवर पेन्सिल टकटकवायचा. मी 'आर्बोलस' म्हटलं की नकारार्थी मान हलवायचा. झाडांना 'आर्बोलेस' म्हणतात, सुताराला तेवढं तरी येणारच.

परीक्षेच्या दिवशी पहाटे वॉर्डातले एक आजोबा माझा हात धरूनच गेले. मी वर्गाच्या पायरीवर बसले आणि त्याला सांगितलं, आज नाही व्हायचं माझ्याच्याने. त्याने समजूत घातली नाही. शेजारी नुसता बसून राहिला. घंटा झाली तशी माझी पिशवी उचलून चालू लागला... मागोमाग जावंच लागलं.

मी पास झाले. नेमणुकीचं पत्र आलं, त्या दिवशी आनंदाआधी थकवाच आला. आई जा म्हणत होती; माझाच पाय निघेना. त्याला म्हटलं, नव्या गावात एकटीने सगळं मांडायचं त्राणच उरलं नाही.

तो नखात अडकलेलं लाकडाचं पॉलिश खरवडू लागला.

"बाईंना विचारलं मी," तो म्हणाला. "एक पुरुष, एक बाई असली तर अनेकवचन कुठलं... पुल्लिंगीच म्हणाल्या. आपल्यासारखं 'दोघं' नाही त्यांच्यात." त्याने मान वर केली. "सुतारकाम तिकडेही मिळेल. बस्तान बसलं की आईंनाही नेऊ. चालेल तुम्हाला?"

मला रडू आलं — दमल्यामुळेही असेल.

"बाहेर पुल्लिंगी चालवून घेईन," मी म्हटलं. "घरात मात्र आपण 'दोघं'च."