गोटीचं वजन

दूध नाकातून उलटं आलं, तीन महिन्यांची पोर खोकून खोकून जांभळी पडली, आणि धाकटीनं बाटली खाली ठेवून तिच्या पाठीवर हात फिरवायच्या आतच भिंतीपलीकडून थोरली जाऊ आली नि तिच्या मांडीवरून पोर उचलून मोकळी झाली. न विचारता, न थांबता... दोरीवरचा वाळलेला कपडा काढावा तशी!

"दे गं, मी बघते," असं ती म्हणाली खरी, पण ती म्हणेपर्यंत पोर तिच्या खांद्यावर होती.

मग तेच सुरू झालं, दिवसातून आठ वेळा घडणारं आणि आठही वेळा धाकटीचं काळीज कुरतडणारं. थोरलीनं पोरीला ताठ बसतं धरलं, मऊ बाटली दोन बोटांत घेतली. दाबली, सोडली, थांबली. पुन्हा दाबली, सोडली, थांबली. वरचा ओठ थेट नाकपुडीपर्यंत दुभंगलेला, टाळूलाही फट, ओढून पिण्याचं साधं सुखही जन्मतःच नाकारलेलं ते लेकरू थोरलीच्या हातून असं घुटके घ्यायचं की बघणाऱ्याला वाटावं, ओठ फाटलाय हा आपल्याच डोळ्यांचा दोष.

कारण उघड होतं. थोरली बेकरीत केकवर क्रीमची फुलं काढायची. कागदाच्या सुरळीतून किती दाबलं की पाकळी होते आणि किती दाबलं की गोळा होतो, हे तिच्या बोटांना तिच्याहून जास्त ठाऊक. बेकरीतले लोक सांगायचे, तिनं काढलेल्या गुलाबावर एकदा खरी मधमाशी येऊन बसली आणि फसवणूक कळल्यावर रागानं मालकाला चावली. धाकटी लाँड्रीत. बारा वर्षं वजनदार इस्त्री दाबून तिच्या मनगटात असा जोर आलेला की तिनं घातलेल्या पॅन्टच्या घडीनं कागद कापावा. तिनं बाटली दाबली की ती दाबलीच जायची. अर्धं दूध नाकात, अर्धं छातीवर, आणि पोटात फक्त हवा.

पोरीला सगळे गोटी म्हणत, कारण जन्मली तेव्हा ती तेवढीच होती. गोटीनं पाच किलो भरायला हवं होतं. बाहेरून डॉक्टरांचं पथक वर्षातून दोनदा पंधरा दिवस यायचं नि असे ओठ फुकट शिवून द्यायचं; पण पाच किलोंच्या खालच्या बाळाला भूल द्यायची नाही, हा त्यांचा नियम. आता चुकलं की पुढं सहा महिने. एवढ्यात गोटीची छाती दोनदा कफानं भरली होती. आणखी सहा महिने हा शब्दही घरात कुणी काढत नव्हतं.

गोटीचा बाप भंगाराच्या दुकानात काट्यावर उभा असायचा. दर शनिवारी तो लेकीला दुपट्यात गुंडाळून त्याच काट्यावर ठेवायचा, दुपट्याचं वजन वजा करायचा आणि मोठ्यानं आकडा सांगायचा. त्याची एकच बढाई होती: "डब्यात वाळू भरा, तारेत दगड गुंडाळा, मला फसवणारा अजून जन्माला यायचाय." त्या शनिवारी गोटी चार किलो सातशे भरली.

"वहिनींचा हात म्हणजे हात आहे," तो म्हणाला. एवढंच म्हणाला. पण धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

नऊ महिने ओझं कुणी वाहिलं? पोर जन्मल्यावर तिचं तोंड बघून सुईण गप्प झाली तेव्हा ती शांतता कुणी गिळली? आणि आता बाहेरची बाई चुटकीसरशी बाटली दाबते आणि लेक तिच्याकडे बघून हात हलवते... तिच्याकडे, माझ्याकडे नाही! ईर्ष्या अशी वाढली की भाकरी खाताना, चादरींच्या वाफेत उभी असताना, नळावर भांडी घासताना तिला दुसरं काही दिसेना. थोरलीच्या स्वतःच्या दोन मुली शाळेत जाणाऱ्या, धडधाकट, ओठ कसे रेखीव. आता हिला माझीही हवी?

"आजपासून माझी पोर मी पाजीन," ती नवऱ्याला म्हणाली.

"अगं, तिला ठसका लागतो."

"लागू दे. आई मी आहे ना? की ते पण काट्यावर ठरवायचंय?"

नवरा काट्याचाच माणूस. "एक आठवडा बघू. वजन वाढलं तर तू, नाहीतर वहिनी. पथक यायला दोनच आठवडे राहिलेत."

थोरलीनं हे भिंतीपलीकडून ऐकलं. बाटली धुऊन, पुसून, उंबऱ्यावर आणून ठेवली.

आठवडाभर धाकटीनं प्राण पणाला लावले. लाँड्रीतून पळत यायची, तासतासभर बसायची, थेंब थेंब पाजायची. गोटी रडायची, शिंकायची, थकून झोपायची. शुक्रवारी दुपारी लेकीला घेऊन ती जेवणाचा डबा द्यायला दुकानात गेली, नवरा हात धुवायला गेला तेवढ्यात तिनं लेकीला काट्यावर ठेवलं. चार किलो सहाशे चाळीस. साठ ग्रॅम कमी!

काट्याशेजारी एका पोत्यात जुन्या मासेमारीच्या जाळ्यांची शिशाची वजनं होती, मण्यांएवढी, करडी, निष्पाप दिसणारी. तिनं मूठभर उचलली. का उचलली हे तिचं तिलाही नंतर सांगता आलं नाही. तिसऱ्या प्रहरी दार लावून तिनं ती दुपट्याच्या दुमडलेल्या काठात ओळीनं भरली आणि वरून बारीक टाके घातले.

शनिवारी काटा चार किलो नऊशेवर थांबला.

बाप नाचायचाच बाकी राहिला. थोरली भिंतीला टेकून उभी होती, ती पुढं आली आणि धाकटीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "जमलं गं तुला." मग गोटीला पाजण्यासाठी बेकरीतून घेतलेली अर्ध्या दिवसाची सवलत तिनं परत केली आणि पूर्ण वेळ कामावर जाऊ लागली. धाकटीला वाटलं होतं, या क्षणी आपल्याला आकाश ठेंगणं होईल. झालं उलटं, तो हात डोक्यावर निखाऱ्यासारखा राहिला. तरी पुढच्या शनिवारी तिनं आणखी शिसं भरलं. पाच किलो पन्नास.

पथक आलं तसे दवाखान्यात सगळे गेले. थोरलीही एका दिवसाची सुट्टी काढून आली. नर्सनं गोटीला घेतलं, दुपटं काढलं, झबलं काढलं, लंगोटही काढला आणि तिला उघडीवाघडी पांढऱ्या काट्यावर ठेवलं.

"चार किलो सहाशे ऐंशी."

"पुन्हा बघा," बाप म्हणाला. "आमच्या काट्यावर पाचच्या वर होती."

"तुमचा काटा कुठला?"

"भंगाराचा."

नर्सनं हसू दाबलं. "भंगाराला चालत असेल. इथं पाच लागतात."

"बाई, माझ्या काट्याला नावं ठेवू नका. ग्रॅमचा फरक नाही त्याच्यात." तो तावातावानं टेबलावरचं दुपटं उचलायला गेला, पण थोरलीनं ते आधी उचललं होतं. तिची बोटं काठावरून फिरली... थांबली... पुन्हा फिरली. तिनं धाकटीकडे एकदाच पाहिलं. 

"भावजी," थोरली शांतपणे म्हणाली, "काठात शिसं आहे. मीच शिवलंय. पोर पाय झाडते, दुपटं निसटतं, म्हणून. वजन करताना सांगायचं राहिलं माझ्याकडून."

"वहिनी... तुम्ही?" त्यानं दुपटं तिच्या हातातून ओढलं. "तुमच्यामुळं आम्ही दोन आठवडे गाफील राहिलो?"

थोरलीनं मान खाली घातली. धाकटीच्या पुढं मोकळा रस्ता होता. गप्प बसायचं, एवढंच करायचं होतं. पण तिच्या अंतःकरणात जे उसळलं ते कृतज्ञता नव्हती, पश्चात्तापही नव्हता. ती तीच जुनी, काळी, धगधगती ईर्ष्या होती. माझी पोर घेतलीस, नवऱ्याचं कौतुक घेतलंस, आणि आता माझा गुन्हासुद्धा तूच उचलून नेणार? न विचारता?

"ते माझं आहे," ती म्हणाली. "टाके बघा. लाँड्रीतल्या रफूचे आहेत, असे टाके त्यांना येतात का? मी शिवलंय. वजन माझ्या हातून वाढत नव्हतं म्हणून मी शिवलंय."

नवऱ्यानं काठातला एक मणी चिमटीत दाबून बघितला. मग म्हणाला, "पोत्यातलं शिसं?"

"हो."

"माझ्याच दुकानातलं?"

"हो."

"म्हणजे मला फसवायला जन्माला आलीस तर तू," असं म्हणून त्यानं तोंड दोन्ही हातांत लपवलं. त्याचे खांदे हलत होते. तो हसत नव्हता.

नर्सनं लेकरू गुंडाळून परत दिलं. पथक अजून अकरा दिवस आहे, शेवटच्या दिवशीच्या यादीत एक जागा आहे, तीनशे वीस ग्रॅम भरलं तर या, असं तिनं सांगितलं आणि पुढच्या बाळाला हाक मारली.

बाहेरच्या लांब बाकावर दोघी जावा बसल्या, मध्ये एका माणसाचं अंतर ठेवून.

"मला कशाला वाचवत होतात?" धाकटीनं विचारलं. डोळ्यांतलं पाणी तिनं पुसलं नाही, वाहू दिलं.

थोरली समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. "तुला नाही गं. मला. पहिल्या दिवशीच मी तुला शिकवायला हवं होतं. बाटली कशी दाबायची, कधी सोडायची. तू विचारलं नाहीस, आणि मला ते बरंच वाटलं. तुझ्या हातून ती ठसकायची नि माझ्याकडे आली की गप्प व्हायची... गोड वाटायचं मला. इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या केकवर दुसऱ्यांची नावं काढते. हे एक असं होतं जे कुणी कापून खाल्लं नाही." तिनं पदरानं नाक पुसलं. "शिसं तू शिवलंस. पण दोरा मी दिला होता असं समज."

धाकटी बाकावर तिच्याजवळ सरकली. मग तिनं गोटीला उचलून थोरलीच्या मांडीवर ठेवलं. या वेळी कुणी घेतलं नव्हतं, दिलं होतं.

"शिकवा नंतर," ती म्हणाली. "आता शिकत बसायला दिवस नाहीत. आधी तिचं पोट."

ते अकरा दिवस दोन खोल्यांमधलं दार मिटलं नाही. थोरली कामावर न जाता दर दोन तासांनी पाजायची. धाकटी दूध कोमट करायची, बाटल्या उकळायची, थोरलीच्या मुलींच्या वेण्या घालायची, दोन्ही घरचं रांधायची. पाजताना ती समोर बसून बघायची, कारण तसं तिनं स्वतःला बजावलं होतं. एकेक घुटका तिला सुईसारखा टोचायचा आणि एकेक घुटका तिला हवा असायचा. आठव्या दिवशी बेकरीतून निरोप आला की फुलांच्या टेबलावर दुसरी बाई बसवली आहे. परत याल तेव्हा खोकी दुमडायला या. निरोप धाकटीनंच घेतला. पाजणं चालू असतानाच तिनं तो सांगितला.

"खोकी तर खोकी," थोरली म्हणाली, नजर बाटलीवरून न हलवता. "जरा गप्प बस. पिते आहे ती."

शेवटच्या दिवशी नर्सनं गोटीला उघडीवाघडी काट्यावर ठेवलं. पाच किलो दहा. बापानं दहा ग्रॅमसाठी नर्सला असा नमस्कार केला की ती दोन पावलं मागं सरकली.

आत काय झालं ते दारानं कुणाला सांगितलं नाही. दोन तासांनी नर्स बाहेर आली.

"टाके नीट बसलेत. आता जागी होतेय, भुकेली आहे. रडली तर ओठ ताणला जाईल, टाके उसवतील. न रडता पहिलं दूध पोटात जायला हवं. एकच बाई आत येईल. आई कोण?"

सगळा जन्म धाकटी याच प्रश्नाची वाट बघत होती. आई कोण? इतक्या मोठ्या आवाजात, इतक्या लोकांसमोर, तिला हे कुणी विचारलं नव्हतं. तिचा एक पाय पुढं पडलासुद्धा. दाराच्या फटीतून लेकीच्या कण्हण्याचा बारीक आवाज आला... आणि तिला आपली मनगटं दिसली, जोरकस, इस्त्रीची.

तिनं थोरलीच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला पुढं ढकललं.

"ह्या," ती म्हणाली. "ह्या आई आहेत."

"अगं..." थोरली वळली.

"जा ना. रडेल ती."

दार लागलं. धाकटी बाकावर येऊन बसली. ईर्ष्याही आली नि शेजारी बसली, घरचीच असल्यासारखी. धाकटीनं सरकून तिला जागा दिली. नवरा काही बोलायला गेला, तर तिनं त्याला हातानंच थांबवलं. बराच वेळ गेला. रडणं ऐकू आलं नाही.

शेवटी तिला राहवेना. ती उठली आणि दाराच्या काचेला नाक लावलं. थोरली पाठमोरी, किंचित कलती बसली होती. मांडीवरचं लेकरू तिच्या आड होतं. दोन बोटं दिसत होती. दाबत होती, सोडत होती, थांबत होती. आणि थोरलीचा चेहरा एका बाजूनं दिसत होता, घामानं निथळलेला, डोळे घट्ट मिटलेले.

झोपली की काय ही?  तेवढ्यात दार उघडलं आणि नर्स वैतागून बाहेर आली.

"तुम्हीच का दुसऱ्या? या आत. दूध सगळं संपलं, एक थेंब सांडला नाही. पण त्या बाई डोळे उघडायलाच तयार नाहीत. पाऊण तास आंधळ्यासारख्या पाजतायत. मी म्हटलं, बघा तरी, किती छान ओठ झालाय. तर म्हणतात, मी नाही बघायची. आधी तिच्या आईनं बघायचं."