भुकेची रेघ

त्या सुमारास लोकांनी दात फेकून देणं बंद केलं होतं. दंतवैद्य काढलेली दाढ धुऊन काचेच्या कुपीत घालत, वर नाव लिहीत आणि पेशंटच्या हातात देत. लग्नाची बोलणी निघाली की मुलीकडचे आधी ती कुपी मागत. पोरगा कसल्या घरात वाढला हे घरच्यांना विचारण्यापेक्षा त्याच्या दाढेला विचारलेलं बरं, असं आता सगळेच म्हणू लागले होते.

याला दंतलेख म्हणत. दात हिरडीच्या आत घडत असतो तेव्हा झाडाच्या खोडासारखे त्याच्यावर थर चढत जातात. अक्कलदाढ तर आठ-नऊ वर्षांच्या वयात घडायला लागते ती पार विशीपर्यंत. या काळात पोटाला अन्न मिळालं नाही, तर शरीर स्वतःचेच स्नायू जाळू लागतं आणि त्या दिवसांच्या थरात नायट्रोजनचा एक जड प्रकार जास्त उतरतो. यंत्राच्या पडद्यावर तिथं काळी रेघ दिसते. माणूस मेला, त्याची माती झाली, तरी रेघ राहते.

हे तंत्र घराघरांत पोचलं ते डॉ. वैजयंती डाके यांच्यामुळे. पुण्याच्या एका संशोधन संस्थेत त्या मध्ययुगीन युरोपचा सामाजिक आणि आर्थिक इतिहास अभ्यासत. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला पाऊस थांबेना, शेतात पिकं कुजली, आणि फ्लँडर्स प्रांतातल्या विणकरांच्या गावांत मोठा दुष्काळ पडला. धान्य किती महागलं, जमीनदारानं किती वसूल केलं, हे त्या काळच्या लोकांनी लिहून ठेवलं होतं. पण एका झोपडीत शेवटचा पाव कुणाच्या हातात पडला, हे कुणी लिहिलं नव्हतं. वैजयंतीनं ते एका गावाच्या कबरस्तानातल्या दाढांना विचारलं. सख्ख्या बहीणभावांच्या जोड्या शोधल्या. बहिणींच्या दाढांत काळ्या रेघा होत्या, भावांच्या जवळजवळ कोऱ्या. टंचाईत घर मागावर बसणाऱ्या हाताला जगवतं आणि त्याची किंमत मुलींच्या पोटातून वसूल करतं, असा निष्कर्ष तिनं काढला. त्या वसुलीला तिनं नाव दिलं, 'घरातला कर'. जगभरच्या इतिहासकारांनी तो शब्द उचलला.

हा प्रश्न तिला फ्लँडर्समध्ये सुचला नव्हता. तो तिनं इचलकरंजीहून नेला होता. ती अकरा वर्षांची असताना तिथले यंत्रमाग वर्षाहून अधिक काळ बंद पडले. वडील मागांची दुरुस्ती करणारे जॉबर, ते घरी बसले. त्या वर्षी जेवायच्या वेळेला आई तिला हटकून काहीतरी आणायला बाहेर पाठवायची. ती परत यायची तेव्हा तिच्याहून दोन वर्षांनी मोठा मुरलीदादा ताटावरून उठलेला असायचा. दादा जेवला, आता तू जेव, असं आई म्हणायची. दादाच्या ताटात काय होतं हे तिला कधीच दिसलं नाही. तो संशय तिच्याबरोबर मोठा झाला, शिकला, परदेशी जाऊन आला.

वडील गेले. आई मुरलीदादाकडे असायची आणि तो तिला फुलासारखा जपायचा. त्याची अक्कलदाढ काढल्याचं वैजयंतीला कळलं, तेव्हा तिनं ती मागून घेतली. आजकालच्या माणसांचे नमुने तुलनेला लागतात, नाव कुठं येणार नाही, असं सांगितलं. त्यानं कुपी लगेच दिली. जाताजाता हसून म्हणाला, काय निघतंय ते मलाही कळव.

प्रयोगशाळेतल्या डॉ. रुखसाना पटवेकर यांना तिनं दोन कुप्या दिल्या. एक दादाची, एक स्वतःच्या पूर्वी काढलेल्या दाढेची.

निकाल पडद्यावर आला तेव्हा वैजयंतीला वाटलं, कुप्यांची अदलाबदल झाली. तिच्या दाढेचे थर स्वच्छ होते. दादाच्या दाढेत तेराव्या वर्षाच्या जागी रेघेला रेघ लागून नुसता काळा पट्टा झाला होता. तिनं पुन्हा वाचायला लावलं. नंतर दुसऱ्या यंत्रावर लावलं. रुखसाना चिडली नाही, पण तिच्याकडे निरखून पाहू लागली.

"हे नमुने निनावी नाहीत ना, वैजयंतीताई?"

 वैजयंतीनं उलट विचारलं, की ही रेघ आजाराची असू शकेल का.

"आजाराची रेघ बारीक असते, लगेच संपते. हा पोरगा बरेच महिने अर्धपोटी होता. दुसरं मूल उपाशी नव्हतं."

"त्यानं आपलं अन्न बहिणीला दिलं असेल? की कुणी त्याच्या पुढ्यातलं काढून घेतलं?"

"ते दात कसं सांगणार? पोटात काय गेलं नाही, एवढंच त्याला माहीत. का गेलं नाही, ते नाही." रुखसानानं पडदा बंद केला. "तुमच्या त्या फ्लँडर्सच्या गावातल्या मुलींचंही तसंच आहे. मी तेव्हा म्हटलं होतं, पण तुमची खात्री होती."

वैजयंतीनं दादाला काही कळवायचं नाही असं ठरवलं. पण त्याचे फोन येत राहिले, आणि तिच्या टाळाटाळीनं त्यालाच संशय आला की आपल्याला काहीतरी मोठा आजार निघाला आहे. शेवटी ती इचलकरंजीला गेली. आई स्वयंपाकघरात होती. बाहेरच्या खोलीत तिनं हलक्या आवाजात त्याला सगळं सांगितलं, स्वतःच्या दाढेचंही.

तो आधी हसला. माग बंद होते तेव्हा कुणाच्या घरी पोटभर होतं, म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं.

"तुझ्यात रेघ नाही?"

"नाही."

"एकपण नाही?"

तिनं नकारार्थी मान हलवली. दादानं स्वयंपाकघराकडे पाहिलं.

"आई मला म्हणायची, वैजूपण उपाशीच आहे. तिच्यासमोर रडू नको, तिला आणखी भूक लागंल. म्हणून मी रडत नव्हतो." दादा म्हणाला. "मला वाटायचं, आपण दोघं मिळून काढलं ते वरीस."

 तीस वर्षं जो संशय वैजयंतीनं उराशी धरला होता तो खोटा निघाला होता, आणि तिला हलकं वाटायला हवं होतं. पण तो नाहीसा झाला नव्हता. तिच्या देखत तो समोरच्या माणसात शिरत होता. फ्लँडर्सच्या त्या गावातल्या बहिणींनाही कुणीतरी असंच काही सांगितलं असेल का, हे तिला आता कुठल्याच यंत्रावर कळणार नव्हतं.

आईनं जेवायला हाक मारली. दोघं पाटावर बसले. दादानं सहज विचारल्यासारखं विचारलं, की माग बंद होते त्या वर्षी आम्हाला तू कसं वाढायचीस.

"सारखंच घातलंय की दोघांस्नी," आई म्हणाली. तिचा आवाज जराही हलला नाही. "आता हे कशाला उकरून काढतोस?"

ती खोटं बोलत होती, की विसरली होती, की तिच्या हिशेबी ते खरंच सारखं होतं, हे दोघांनाही ओळखता येईना. तिनं तव्यावरची फुगलेली भाकरी उचलली आणि माहेरवाशीण म्हणून वैजयंतीच्या ताटात टाकली. दुसरी थापायला घेतली. दादानं बहिणीच्या ताटाकडे पाहिलं, मग आईच्या हातांकडे पाहिलं, आणि त्याची नजर तिथंच राहिली.

"असा काय बघतोस रे?" आईनं विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. "वाढ तू."

आई भाकरी थापत राहिली. तो बघत राहिला.