दुसरा चमचा

उशीची खोळ ओढताना तिचा हात ओल्यात गेला आणि तिने तो झटकन मागे घेतला. धाकटा भाऊ पुन्हा अंथरुणातच ओकला होता... तेच गोडमिट्ट खोकल्याचं औषध, तोच आंबूस दर्प! रोज दवाखान्याच्या धुलाईघरात परक्यांचे रक्ता-पुवाचे कपडे निर्विकारपणे धुणारे तिचे हात घरच्या या घाणीला मात्र शिवेनात. युद्धातून जिवंत सुटून दोघं या परक्या शहरात आली त्याला आठ वर्षं झाली, आणि त्या औषधाच्या बाटल्या रिचवण्यापलीकडे याने काही केलं नव्हतं.

"सोमवारपासून तुझी सोय दुसरीकडे बघ," ती म्हणाली.

"ताई, दवाखान्यातल्या चादरींशीही अशीच बोलतेस?"

"चादरी स्वच्छ निघतात तरी."

दुपारी फिल्मवाली बाई आली. निर्वासितांवरच्या तिच्या चित्रपटात भावाची मुलाखत होती. त्यात बहिणीविषयी काही होतं, म्हणून आधी तिची संमती हवी होती. बाईने स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडला.

पडद्यावर तो खाली मान घालून बोलत होता. "आम्ही तळघरात, वर शिपाई. ताईची तान्ही कुरकुरायला लागली... ताई अंधारात पाणी शोधत होती. मी भाचीला खोकल्याचं औषध पाजलं, एक चमचा. झोपावी म्हणून. ती उठलीच नाही... ताईला वाटतं, थंडीने गेली."

"हे काढून टाकू का?" बाईने हळूच विचारलं.

ती उठून भावाच्या खोलीकडे निघाली. किळस आता तिला स्वतःच्या हातांची येत होती. हेच हात रोज देवापुढे जोडून ती भावाच्या व्यसनाची तक्रार करत आली होती...

"तुझ्याआधी मीही एक चमचा पाजला होता," त्याच्या खाटेपाशी उभी राहून ती म्हणाली. "थंडीने गेली, हे मीच सगळ्यांना सांगितलं. तुलासुद्धा."

तो उठून बसला. त्याच्या नजरेतली शिसारी तिने ओळखली. रोज सकाळी ती त्याच्याकडे अशीच बघत होती.

"आणि घाण मी?"

"नाही रे... नाही."

तो भिंतीकडे वळला. मग सरकला, आणि ती त्या ओल्या, आंबूस गादीवर टेकली. आठ वर्षांत त्या घरात तान्हीचा विषय निघाला नव्हता.

"अंगठा चोखायची ना गं ती?" त्याने विचारलं.

"अंगठा नव्हे," ती म्हणाली. "अख्खी मूठ."