काकांच्या नावाची ओळ

खोटं वाटेल, पण हे भर दुपारी घडलंय. दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये. मी स्वतः तिथे होते.

माझ्या धाकट्या मावशीच्या ऑफिसातला कॉम्प्युटर सतत इंटरनेट वाचतो. वाचून माहिती शिकतो. अमुक शहर तमुक नदीकाठी, अमका माणूस डॉक्टर.

कधी शहाण्यासारखा शिकतो, कधी टोमॅटोला मंत्री ठरवतो.

म्हणून मावशी प्रत्येक ओळीपुढे ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ दाबते. तेच तिचं काम.

काका, म्हणजे मावशीचे यजमान, रंगारी. रंग देताना परांचीवरून पडले. डॉक्टरांनी हात टेकले होते. मावशी आयसीयूबाहेर मांडीवर लॅपटॉप घेऊन त्याच ओळी तपासत बसलेली. रजा संपली होती.

अचानक आतल्या यंत्राची टिकटिक थांबली. एकच लांब आवाज...

त्याच वेळी स्क्रीनवर ओळ आली.

काकांचं पूर्ण नाव. पुढे... मृत.

माहिती कुठे वाचली ते प्रत्येक ओळीखाली असतं. इथे ती जागा कोरी.

मावशीनं ‘चूक’ दाबलं.

आत टिकटिक सुरू झाली.

थोड्या वेळानं तीच ओळ. तोच लांब आवाज. मावशीनं पुन्हा ‘चूक’ दाबलं. पुन्हा टिकटिक.

मग ती उठलीच नाही. घोटभर पाणीही घेईना. तिचा डोळा लागला की मी दाबायचे.

काका घरी आले.

डॉक्टर म्हणाले, होतं असं कधीकधी. पण म्हणताना आमच्याकडे बघितलं नाही.

घरात काहीतरी कमी होतं...

काका चालायचे, पावलं वाजायची नाहीत. कप तोंडाला लावायचे, चहा तेवढाच राहायचा. एकदा थंडीत आम्ही दोघं खिडकीशी उभे होतो. काचेवर वाफ फक्त माझी.

ओळ रोज येतच होती. मावशी लॅपटॉप न्हाणीघरातही न्यायची. हाडाची काडं झाली तिची.

एका संध्याकाळी काका तिच्याजवळ बसले.

“किती अडवशील गं? मला धड राहताही येत नाही, धड निघताही येत नाही. एकदा ‘बरोबर’ दाब.”

“आणि मी काय करू?” मावशी म्हणाली.

तिनं ‘चूक’ दाबलं.

काल तिला सणकून ताप भरला. मला बसवून ती आत झोपली.

ओळ आली.

मागे कुणी आल्याचा आवाज नव्हता. तरी पाठीला गार लागलं...

काका होते. हात जोडून उभे. खांदे हुंदक्यांनी हलत होते, पण हुंदका ऐकू येत नव्हता. आणि गाल... कोरडे ठणठणीत.

आतून मावशीनं विचारलं, “दाबलंस ना?”

मी ‘चूक’ दाबलं.

मागे वळून बघायचं धाडस झालं नाही.

मावशीचा ताप अजून उतरलेला नाही. आजही मलाच बसायचंय.