हस्ते जितेश

कशेडी घाटात दरड आली आणि मी एका माणसाला ठार मारलं. या दोन गोष्टींचा संबंध मी अजून बाबांना नीट समजावू शकलेले नाही.

२००७चा ऑगस्ट होता. घाट बंद, त्यामुळे पोलादपूरपासून मागे ट्रकांची रांग थेट महाडपर्यंत आलेली. महाडला कॉलेज सुटल्यावर मी स्टँडवर गेले तर कंट्रोलर म्हणाला, पोलादपूरची गाडी रस्ता हलला की हलेल. रस्ता काही हलेना. पाऊस मात्र सगळीकडे जात होता. मी समोरच्या मिठाईच्या दुकानावरच्या सायबर कॅफेत शिरले. म्हटलं, निकाल लागला का ते तरी बघू.

एकच कॉम्प्युटर रिकामा होता, तीन नंबरचा. बसणारा वडापाव आणायला गेला होता. पडद्यावर एक बंदूक धरलेला हात होता. तो घालवावा म्हणून मी माऊसचं बटण दाबलं. बंदूक उडाली.

समोरच्या कोपऱ्यातली खुर्ची सावकाश वळली.

"तीन नंबरवर कोण हाय?"

"मी. मला निकाल बघायचा होता."

"लागला निकाल," तो म्हणाला. "माझा."

कारखान्याचा निळा शर्ट, खुर्चीच्या पाठीवर ठिबकणारा रेनकोट, आणि पापण्या अजून ओल्या… मी इतकंच पाहिलं. बाकीचं नंतर पाहायचं ठरवलं. त्याला म्हणे तीन दिवसांत कुणी मारलं नव्हतं.

"सॉरी हं. फार लागलं नाही ना?"

"लागलं," तो म्हणाला. जरा थांबून पुढे, "रस्ता उद्या पण बंद असंल तर… येणार काय?"

रस्ता चौथ्या दिवशी सुरू झाला. माझ्यापुरता तो महिनाभर बंद राहिला.

"अगं, घरासमोरून ट्रक जातायत ते?" बाबा ओटीवरून विचारायचे. आमचं घर हायवेलाच आहे.

"ते आधीचे अडकलेले आहेत, बाबा."

बाबा मान हलवायचे. माझ्या खोटं बोलण्यापेक्षा त्यांचा विश्वासच मला जास्त गोंधळात टाकायचा.

त्याचं नाव जितेश. घर पोलादपूरच्या वर, डोंगरावरच्या वाडीत. वडील गुरं राखायचे. तो बिरवाडीला खोली घेऊन राहायचा आणि केमिकलच्या कारखान्यात पहिली पाळी करायचा. तीननंतर तो सचिव असायचा.

हे सचिवपद समजावून सांगायला हवं. बिरवाडीच्या पोरांनी वर्गणी काढून कॅफेत एक वेगळा कॉम्प्युटर ठेवला होता. त्याला सगळे सर्व्हर म्हणत आणि दसऱ्याला हार घालत. त्याच्यावर हा बंदुकीचा खेळ चाले. आता चारचौघांनी मिळून काही चालवायचं म्हटलं की आमच्याकडे एकच पद्धत माहीत आहे. त्यांनी मंडळ काढलं. कॅफेचे मालक महिपतीकाका अध्यक्ष, जितेश सचिव, आणि एक उपाध्यक्ष होता ज्याला खेळता येत नव्हतं.

त्या वर्षी लोडशेडिंग भयंकर. जनरेटरला डिझेल लागे. म्हणून मंडळाने मानकरी सुरू केले. महिन्याला पन्नास रुपये देणगी द्या, तुमचं नाव पडद्यावर पिवळं दिसेल, चांगली बंदूक आधी तुम्हाला, आणि इतरांना शंभर जीव तर तुम्हाला दीडशे. म्हणजे दुसरा तुमच्या दीडपट गोळ्या खर्च करणार, तेव्हा तुम्ही मरणार.

मान या प्रकाराशी माझी जुनी ओळख. आमच्या गावच्या पालखीला पहिला खांदा बाबांचा. बाबांना मणक्याचा त्रास आहे. ते खांदा लावल्यासारखं करतात आणि मागून जानूकाका त्यांच्याही वाटचं वजन उचलतो. जानूकाकाचं नाव कुणी पुकारत नाही. लहानपणी मी एकदा विचारलं होतं, मग पालखी नेमकी उचलतं कोण? मला प्रसाद देऊन गप्प केलं होतं.

त्यामुळे मी ठरवलं होतं, मी काही मानकरी होणार नाही. माझं नाव साधं पांढरंच होतं. आणि तरीही मी सगळ्यांना मारत सुटले.

खरंच सांगते, मला स्वतःलाच कळेना. काशीरामभाऊ — एमआयडीसीत क्रेन चालवतात, पक्के मानकरी — समोर आले की धडाधड गोळ्या घालायचे. मी डोळे मिटून बटण दाबायची. डोळे उघडले की काशीरामभाऊ आडवे.

"ही पोरगी मरत कशी नाय?" ते आढ्याकडे बघून विचारायचे.

जितेश शेजारच्या खुर्चीवर बसून मला शिकवायचा. वाडीवरून काकडी आणायचा, मीठ लावून फोडी माझ्या कीबोर्डशेजारी ठेवायचा.

"तुमी लय डेंजर खेळता," तो पडद्याकडे बघत म्हणायचा.

"मग शिकवता कशाला?"

"ही खुर्ची… मोकळी असते म्हणून."

ती खुर्ची कधीच मोकळी नसायची. त्याला रोज कुणालातरी उठवावं लागायचं.

पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात माझ्यासाठी १५० असा आकडा असायचा. माझी उंची दीडशे सेंटिमीटर आहे. त्यामुळे मला काहीच वावगं वाटलं नाही.

गणपती झाल्यावर मंडळाची सभा भरली. रविवार, दुपारी चार. मी ठराव मांडला की मानकरी बंद करा, सगळ्यांना शंभर जीव द्या, डिझेलची वर्गणी सगळ्यांनी सारखी भरा. मी तयारी करून आले होते. उभी राहिले.

"मी एक पैसा देणगी दिलेली नाही," मी म्हणाले. "माझं नाव पांढरं आहे. तरी जिंकणाऱ्यांच्या यादीत पहिली मीच आहे. म्हणजे ज्याला खेळता येतं त्याला मान लागत नाही, आणि ज्याला मान लागतो…" मी काशीरामभाऊंकडे बघितलं नाही. सगळ्यांनी बघितलं.

जितेश सतरंजीचा धागा ओढत होता. मला वाटलं, माझ्या बोलण्याने भारावलाय.

महिपतीकाका उठले. "ठीक. पण मतदानाआधी मानकऱ्यांची नावं वाचा. ज्याचा मान जाणार त्याला ठावं पायजे. सचिव, वाचा."

जितेशने वही उघडली आणि आरती घाईत उरकावी तसं वाचलं. काशीराम, धोंडू, आणखी चौघं. वही मिटली.

"एक गळलं," महिपतीकाका म्हणाले.

"नाय गळलं."

"सहा वाचलीस. मानकरी सात हायेत."

"काका, राहू दे ना…"

"देणगीदाराचं नाव गाळायला आपण काय चोर हाय?" त्यांनी वही ओढून घेतली, चष्मा कपाळावरून खाली केला आणि गणपतीत देणग्या पुकारतात त्या खणखणीत आवाजात वाचलं —

"कुमारी प्रियदर्शिनी रावजी मोरे, पोलादपूर. ऑगस्ट आणि सप्टेंबर. हस्ते, जितेश नाथू ढेबे."

मग त्यांनी वही परत जितेशच्या मांडीवर ठेवली.

मला आधी वाटलं, माझ्याच नावाची दुसरी कुणी असेल. मग दीडशे आठवले. मग उंची आठवली. मग मी खाली बसले, कारण उभं राहण्यासारखं काही उरलं नव्हतं.

सगळ्यात आधी भानावर आले काशीरामभाऊ. त्यांचे डोळे भरून आले होते.

"हिचे पण दीडशेच व्हते. म्हणजे मी एवढा वाईट नाय खेळत," ते म्हणाले. "आयला, महिनाभर मला झोप नाय. बायकोला सांगितलं मी, माझा हात गेला म्हणून." मग ताडकन उभे राहिले. "माझा मान काढा. आत्ता काढा. हिला शंभरावर आणा आणि माझ्यासमोर उभी करा."

मतदान झालं. बाजूने भराभर हात वर गेले. ठरावाच्या विरोधात एकच हात आला. कुणाचा ते बघायला मी वर पाहिलं, तर माझाच होता. तो वर कधी गेला, मला माहीत नाही.

जिन्यात जितेशने गाठलं.

"का केलंस?" मी विचारलं. अहो-जाहो वरच राहिलं होतं.

"दुसऱ्या दिवशी आलात… दहा मिनिटांत अकरा वेळा मेलात. चेहरा एवढासा झाला तुमचा. मला वाटलं, आता काय येणार नाय."

"म्हणून पैसे भरलेस?"

"फुकट कसं देणार? सचिव हाय मी."

"नाव पांढरं ठेवलंस, आणि वहीत मात्र लिहिलंस?"

"वहीत लिहिल्याबिगर दिलं तर लबाडी होईल ना," तो कळकळीने म्हणाला.

"आणि माझ्याशी केलीस ती?"

तो पायरीकडे बघत राहिला. "ती… कुठं लिहायची ते कळलं नाय."

"जितेश, मला काहीच धड येत नाही. गाणं नाही, रांगोळी नाही, अकाउंट्समध्ये पस्तीस मार्क. ही एक गोष्ट मला येते असं वाटलं होतं. तीही तूच केलीस."

त्याला काहीतरी बोलायचं होतं. मी थांबले नाही. खरं तर चौथ्या पायरीवर जरा थांबले होते, पण तो बोललाच नाही.

आठ दिवस मी सरळ घरी येत होते. बाबा म्हणाले, "रस्ता मोकळा झाला वाटतं." मला रडू आलं.

राग आला होता हे नक्की. पण पहिल्या पाळीत उभा राहणारा माणूस पन्नास रुपये कुणासाठी असे भरतो, हा विचार आला की राग मधेच थांबायचा आणि आपण कशासाठी आलो होतो ते विसरायचा. त्याला मी आवडते, की माझी कीव येते? दोन्हीला पन्नासच जीव जास्त देतात का? शेवटी आई भाकऱ्या थापत होती तिथे जाऊन बसले.

"आई, कुणी आपल्याला न सांगता जिंकवलं, तर राग यावा का?"

आईने भाकरी उलटली. "तुझ्या बापाला मी वीस वर्षं पत्त्यात जिंकवतेय गो. बोलू नको त्याला."

"पण का?"

"हरला की जेवत नाय."

"पण मग ते प्रेम की…"

"पीठ सरकव इकडे," आई म्हणाली.

माझा गोंधळ दुप्पट झाला. एवढं मात्र कळलं की मला वीस वर्षं पत्ते खेळत बसायचे नाहीत.

नवव्या दिवशी मी कॅफेत गेले. काशीरामभाऊ आनंदाने उठले, पण मी म्हटलं, "तुम्ही नंतर." जितेश कोपऱ्यातच होता. दाढी वाढलेली. शेजारची खुर्ची खरोखर रिकामी.

"माझ्याशी खेळ," मी म्हणाले. "शंभराला शंभर. तेवीस डाव. मला एकदा जरी मुद्दाम सोडलंस ना, तरी मला कळेल."

"कसं कळंल?"

"नाही कळणार. पण मी परत येणार नाही."

त्याने बाह्या सारल्या.

पहिला डाव चार सेकंदांत संपला. मला बंदूक कुठल्या खिशात आहे तेही सापडलं नव्हतं. दुसऱ्यात त्याने मला पिंपामागे मारलं. तिसऱ्यात जिन्यावर. चौथ्यात मी पळत होते, पाठीत मारलं.

"पाठीत?" मी म्हणाले.

"तुमीच बोललात सोडू नको म्हणून." त्याने मनगटाने कपाळावरचा घाम पुसला. इतकं दुःखी होऊन कुणी कुणावर इतकी अचूक गोळी झाडली नसेल.

दहाव्या डावापर्यंत आमच्या मागे सगळं मंडळ उभं होतं. महिपतीकाका हळूच म्हणाले, "अरे, एखादा तरी सोड की पोरीला." जितेशने मान हलवली आणि मला खिडकीतून मारलं.

आणि मला… मला बरं वाटायला लागलं होतं. प्रत्येक मरणाला काहीतरी दिसायचं. तो डावीकडूनच येतो. गोळ्या भरताना तो मागे सरकतो. अकराव्या डावात मी पिंपामागे बसून राहिले, डोळे उघडे ठेवून. तो डावीकडून आला. मी बटण दाबलं.

तो पडला.

"सोडलंस?" मी विचारलं.

"नाय गो," तो थक्क होऊन पडद्याकडे बघत म्हणाला. "कुठं व्हतीस तू?"

तू. त्याला स्वतःला ते कळलंही नाही. मी तो शब्द गुपचूप घेऊन टाकला, कुठेही न नोंदवता.

शेवटी वीस–तीन झालं. काशीरामभाऊ म्हणाले की माझ्याविरुद्ध खेळायची आता त्यांची इच्छा नाही, पोरगी शिकतेय.

जिन्याखाली पाऊस जोरात होता. पोलादपूरची गाडी लागलेली दिसत होती. जितेशने छत्री उघडली.

"ते तीन माझे होते ना?" मी विचारलं.

"आईची आन. तिसऱ्याला तर मी लपलो व्हतो."

"आणि ते वीस?"

"ते…" तो छत्रीच्या दांड्याशी बोलत होता. "ते मारताना लय वाईट वाटलं. इतकं वाईट मला आजवर कुणासाठी नाय वाटलं. याला काय बोलतात ते तूच सांग. मी इचारणार नव्हतो, पण…"

"माझं पण तेच झालंय," मी म्हणाले. "फक्त मला बरं वाटतंय."

तो हसला. मग आम्ही पावसात उतरलो. चार पावलांत छत्री माझ्या बाजूला कलली. त्याचा अख्खा खांदा भिजायला लागला. मी दांड्याला हात घातला आणि छत्री सरळ केली. आता दोघांचे अर्धे-अर्धे खांदे भिजत होते. हात मी काढला नाही, म्हणजे ती परत कलायला नको.